बटणाची तक्रार

दातांचे डॉक्टर तिसऱ्या पातळीवरच्या आठव्या खड्ड्यात पडले. त्या सकाळची ही एकोणिसावी वेळ. पडद्यावरचा लाल मफलरवाला बुटका माणूस दोन्ही हात वर करून खाली गेला, केविलवाणा टुंई असा आवाज झाला, आणि डॉक्टरांनी शांतपणे जाहीर केलं, "हेसुद्धा डिफेक्टिव्ह आहे."

"तिसरं," बायको म्हणाली. ती कॉलेजच्या ग्रंथालयात होती, त्यामुळे वस्तू परत जाण्याची नोंद तिच्या डोक्यात आपोआप व्हायची. "पहिल्याचा पडदा पिवळट होता. दुसरं साबणाच्या वडीसारखं हातातून निसटत होतं. याचं काय?"

"याचं बटण उशिरा लागतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मी दाबतो तेव्हा हा उडत नाही. जरा विचार करून उडतो. तोवर खड्डा येतो."

"मग तू जरा आधी दाब ना."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. आधी दाबून झालं होतं. आधी दाबलं की कधीकधी बुटका भलताच आधी उडायचा आणि खड्ड्याच्या अलीकडच्या खांबावर आपटून मरायचा. पण हे तिला सांगायचं नव्हतं. कारण हे सांगितलं असतं तर तिने पुढचा प्रश्न विचारला असता, आणि तो प्रश्न डॉक्टर गेला महिनाभर स्वतःलाही विचारू देत नव्हते.

खेळ चाळीस वर्षांपूर्वीचा. तेव्हाचं मूळ मशीन आता भंगारात गेलं. पण हल्ली तळहाताएवढी नवी यंत्रं मिळतात, जी त्या जुन्या मशीनचं हुबेहूब सोंग घेतात. या सोंगाला एम्युलेटर म्हणतात. अशी यंत्रं शेकड्याने आहेत, आणि त्यातलं कुठलं घ्यावं यावर प्रौढ माणसं एकमेकांचे गळे धरतात. डॉक्टरांनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी या भांडणात उडी घेतली ती अगदी निर्मळ मनाने. लहानपणी आठवा खड्डा ते धाकट्या भावाशी पैज लावून, डोळ्यांवर टॉवेल बांधून ओलांडत. तो पुन्हा एकदा ओलांडावा, एवढीच इच्छा होती.

आणि मग तो ओलांडता येईना.

इथे डॉक्टरांच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. ते घड्याळं दुरुस्त करायचे. मुगाच्या दाण्याएवढ्या स्क्रूला ते असे हाताळत की बघणाऱ्याने श्वास रोखावा. पन्नाशी ओलांडल्यावर एक दिवस ते म्हणाले, "हल्ली स्क्रू चांगले येत नाहीत." मग चिमटे चांगले येईनात. मग खिडकीतून उजेड नीट येईना, म्हणून टेबल दोनदा हलवलं, दिवा बदलला, भिंगाचा नंबर बदलला. दोन वर्षं त्या दुकानातली एकेक वस्तू नालायक ठरत गेली. सगळ्यांत शेवटी, जेव्हा दोष द्यायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवून घरच्यांना दाखवला. तो आपला आपण थरथरत होता. सुरुवात अंगठ्यापासून झाली होती. पुढची अकरा वर्षं त्यांना पाणीसुद्धा दुसऱ्याने पाजावं लागलं.

डॉक्टरांना हे साम्य दिसत नव्हतं अशातला भाग नाही. ते दिसू नये म्हणून तर इतकं बारकाईने यंत्र निवडणं चाललं होतं. कारण हिशेब सरळ होता: उशीर यंत्राचा असेल तर अंगठ्याचा नाही. तेव्हा जगात कुठेतरी असं एक यंत्र असलंच पाहिजे, ज्यावर बुटका वेळेवर उडेल. ते सापडेपर्यंत बाकीची सगळी यंत्रं डिफेक्टिव्ह.

धाकटा भाऊ दूरच्या शहरात राहायचा आणि या विषयातला अधिकारी पुरुष होता. त्याच्याकडे अशी बावीस यंत्रं होती आणि त्याच्या बायकोच्या मते एकही मित्र नव्हता.

"दादा, तुला नक्की काय हवंय ते सांग," तो फोनवर म्हणाला. "उभं हवं, आडवं हवं, की घडी होणारं?"

"लवकर लागणारं."

"पडदा चौकोनी हवा की लांबट? जुन्या खेळांना चौकोनी शोभतो."

"अरे, शोभेचं काय करायचंय? मी दाबलं की त्याने उडलं पाहिजे."

"अच्छा, म्हणजे तुला लॅगचा, उशिराचा प्रॉब्लेम आहे!" धाकट्याचा आवाज उजळला. एखाद्या वैद्याला दुर्मिळ रोगी मिळावा तसा. "मग आधी सांगायचंस ना. लॅग कुठेही असू शकतो. पडद्यात, चिपमध्ये, बटणाखालच्या रबरात..."

"आणखी कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आणखी कुठे असणार? बास, एवढंच."

डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. यादीत माणूस नव्हता.

दवाखान्यात मात्र यादी वाढत चालली होती. गेला महिनाभर डॉक्टरांनी एकही दात काढला नव्हता. साफसफाई करत होते, फटी भरत होते, कवळ्यांची मापं घेत होते. पण दात काढायचा म्हटला की त्यांच्या तोंडातून आपोआप वाक्य बाहेर पडायचं, "पाच दिवस गोळ्या घ्या, सूज उतरू दे, मग बघू." सूज उतरली की म्हणायचे, "आता दुखत नाहीये ना? मग कशाला घाई?"

"डॉक्टर," सिस्टर एक दिवस दार लोटून म्हणाल्या. त्या एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली होत्या आणि हाताखाली असल्याचं त्यांनी कधी जाणवू दिलं नव्हतं. "बाहेर चार गाल सुजलेले बसलेत. चारही आपलेच आहेत. औषधाचं दुकान काढायचं असेल तर मी मागे लागते लायसन्सच्या."

"घाई करून चालत नाही, सिस्टर."

"एका दातासाठी तिसऱ्यांदा आलेत ते काका. आता ते मला मुलीच्या लग्नाला बोलावणार आहेत."

डॉक्टर हसले. हसताना त्यांनी उजवा हात एप्रनच्या खिशात घातला. हल्ली तो बराच वेळ तिथेच असायचा.

चौथं यंत्र आडवं होतं, धाकट्याने सांगितलेलं. त्यावरही बुटका पडला. अठ्ठावीस वेळा. डॉक्टरांनी धाकट्याला फोन लावला तेव्हा त्यांच्या आवाजात अशी काही कळ होती की धाकटा पहिल्यांदाच चेष्टा विसरला.

"दादा, थांब. एक सेटिंग आहे. रन-अहेड म्हणतात. त्यात यंत्र चोरून दोन-तीन पावलं पुढचं खेळून ठेवतं. तू बटण दाबलंस की ते तुला थेट पुढचं चित्र दाखवतं. म्हणजे उशीर झाला होता हे कळतच नाही. एकवर ठेव आधी. नाहीच जमलं तर दोन."

एकवर पडला. दोनवर पडला. डॉक्टरांनी तीन केलं. बुटका आता चालताना मधली पावलं गाळत होता, कुणीतरी मानगुटीला धरून ओढत न्यावं तसा. पण आठवा खड्डा आला, डॉक्टरांनी बटण दाबलं आणि बुटका उडाला. पलीकडे उतरला. मफलर सावरला.

डॉक्टरांनी पुन्हा उडवला. दहापैकी सात वेळा बुटका पलीकडे गेला. उरलेल्या तीन वेळांचा विचार त्यांनी केला नाही. ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि बायकोला म्हणाले, "मशीनचंच होतं."

"काय मशीनचं होतं?"

"सगळं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बायकोने भाजी चिरायची थांबवली आणि त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग पुन्हा सुरी उचलली.

त्याच आनंदात त्यांनी मेहुणीला फोन केला.

मेहुणी म्हणजे बायकोची थोरली बहीण. सगळे तिला ताई म्हणत, डॉक्टरही. बसस्थानकावर ज्या घोषणा होतात त्यांचा आवाज ताईचा. टेप नव्हे, काचेच्या केबिनमध्ये बसून, प्रत्यक्ष. शहरातली अर्धी माणसं तिला न बघता ओळखत. तिने 'कृपया लक्ष द्या' म्हटलं की पळणारे थांबत आणि थांबलेले पळत. ताईची खालची अक्कलदाढ दोन महिने ठणकत होती, आणि डॉक्टर दोन महिने तिला गोळ्या देत होते. तिची गोष्ट निराळी होती. तिच्या दाढेचं मूळ जबड्यातल्या नसेवर अगदी टेकलं होतं. एक्स-रेमध्ये दोघांच्या मधे केसाएवढीही जागा दिसत नव्हती. हत्यार जरा घसरलं, नस दुखावली, की खालचा अर्धा ओठ कायमचा बधिर. इतर कुणाला त्याने फार तर चहा सांडण्याचा त्रास होईल. ताईची केबिन जाईल.

"शुक्रवारी अकराला या," डॉक्टर म्हणाले. "काढून टाकू."

"एकदाचे उगवलात!" ताई म्हणाल्या. "मला वाटलं, दाढेसकट स्मशानात जाते आता."

गुरुवारी दुपारी डॉक्टर आधीची तीन यंत्रं परत करायला, चौथं खिशात घेऊन, मास्तरांकडे गेले. मास्तर म्हणजे यंत्रांचा दुकानदार. एका शिंप्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावरची खोली. पूर्वी ते शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. आता जुने गेम विकायचे आणि दुरुस्त करायचे. फरक इतकाच झाला होता की विद्यार्थी आता आपणहून यायचे. खोलीत सोल्डरिंगचा वास, भिंतीला लावलेल्या डब्यांत बटणं, रबरं, पडद्यांच्या फिती, आणि मधोमध मास्तर, कपाळावर भिंग.

"तीन परत?" मास्तर म्हणाले. "डॉक्टरसाहेब, मुलगी बघायला आला होतात का?"

"लॅग आहे त्यांच्यात. चौथ्यातही होता. पण रन-अहेड तीनवर ठेवलं आणि चुटकीसरशी प्रश्न सुटला."

मास्तरांनी भिंग डोळ्यांवर घेतलं आणि पुन्हा वर केलं. "तीनवर?"

"तीनवर."

"या खेळाला एक पुरतो. खरं तर एकही नको. तीनवर तो बुटका लंगडत असेल."

"लंगडू दे. उडतो ना."

मास्तर गप्प बसले. गप्प बसलेला शिक्षक किती धोकादायक असतो हे डॉक्टरांना शाळेपासून माहीत होतं. मास्तरांनी चौथं यंत्र हातात घेतलं, सेटिंग शून्यावर आणलं, एका हाताने चहाचा कप उचलला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खेळत, चहा न सांडता, आठवा खड्डा पार केला. मग नववाही.

"तुम्हाला सवय आहे," डॉक्टर म्हणाले.

"असेल. पण मोजून टाकू. मोजलं की वाद उरत नाही."

मास्तरांची मोजायची पद्धत अशी: बटणाला एक बारीक लाल दिवा जोडायचा, बटण दबलं की तो लागतो. समोर फोनचा कॅमेरा, सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं काढणारा. दिवा लागल्यापासून बुटक्याचे पाय जमीन सोडेपर्यंत किती चित्रं गेली ती एकेक पुढे ढकलत मोजायची. डॉक्टरांनी खांद्यावरून वाकून पाहिलं. सोळा चित्रं. पुन्हा सोळा. मग सतरा, मग सोळा.

"खेळ सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. त्याच्या भाषेत चार फ्रेम," मास्तर म्हणाले. "उत्तम यंत्र आहे. परत आणलेल्या तिघांचंही मी आधीच मोजलेलं. पाचाच्या वर कुणी नाही. त्यांच्यात दोष नाही, डॉक्टरसाहेब."

"मग मी का पडतो?"

प्रश्न तोंडातून निघून गेला. इतके दिवस दाबून ठेवलेला तो हाच.

मास्तरांनी कॅमेरा काढून ठेवला नाही. दुसरा एक दिवा काढला, हिरवा, आणि टेबलावर टेकवला. "हा लागला की बटण दाबायचं. माझे मोतीबिंदू निघाल्यावर मी माझंही मोजलं होतं. आधी डावा अंगठा."

"डावा कशाला?"

"कशाशी तरी तुलना नको का?"

डाव्या अंगठ्याला लागली एक्कावन्न चित्रं. मग बावन्न, मग पन्नास. मास्तरांनी तीन आकडे कागदाच्या कपट्यावर लिहिले. मग डॉक्टरांनी उजवा अंगठा बटणावर ठेवला. हिरवा दिवा लागला. अंगठ्याला कळलं, हे डॉक्टरांना कळलं. त्याने निघायचं ठरवलं, हेही कळलं. आणि मग अगदी थोडं, डोळा लवेल त्याहून थोडं, काहीच झालं नाही. तेवढ्या रिकाम्या जागेत डॉक्टरांना वडिलांचं टेबल दिसलं.

एकोणसत्तर. सत्तावन्न. चौऱ्याऐंशी.

खाली शिंप्याचं मशीन धडधडत होतं. मास्तरांनी हेही आकडे कपट्यावर लिहिले.

"यंत्राचा उशीर रोज सारखा असतो," ते म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता. "सारखा उशीर असला तर माणूस त्याच्याशी जुळवून घेतो, नकळत. हा कमी-जास्त होतोय. यंत्र असं करत नाही."

"बटणाचं रबर..."

"बटण तेच होतं. दोन्ही वेळा." मास्तरांनी कपटा त्यांच्याकडे सरकवला. "मी यंत्रं दुरुस्त करतो, डॉक्टरसाहेब. हे माझ्या दुकानातलं काम नाही."

डॉक्टर जिना उतरले ते कठड्याला धरून. रस्त्यात माणसं नेहमीसारखी चालत होती, प्रत्येकाचे सगळे अवयव जागच्या जागी आणि वेळेवर. फोन करून ताईला नको म्हणावं, असं त्यांनी तीन वेळा ठरवलं. तिन्ही वेळा फोन काढला आणि ठेवला. नको म्हणायचं तर का म्हणायचं हे सांगावं लागलं असतं. आणि घरी पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यातल्या वकिलाने केस उभी केली होती. दात काढणं म्हणजे काही दिवा लागला की दाबायचा खेळ नाही. तिथे घाई नसतेच. पंचवीस वर्षं हजारो दात काढले, हाताला पाठ आहे. तोंडात कुठे हिरवा दिवा लागतो? वकील हुशार होता. पण त्याचेही हात कापत होते.

शुक्रवारी ताई अकराला पाच मिनिटं कमी असताना आल्या. खुर्चीत बसल्या आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडून म्हणाल्या, "डॉक्टर, मला भीती वाटते हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका."

"नाही सांगणार," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना अचानक या बाईबद्दल फार जवळीक वाटली.

बधिर करायचं इंजेक्शन नीट गेलं. सिरिंजचा दट्ट्या अंगठ्यानेच दाबायचा असतो, आणि तो जितका सावकाश दाबावा तितका चांगला. इथे उशीर हा गुण होता. सिस्टरसुद्धा म्हणाल्या, "आज हात हलका आहे हं." डॉक्टरांना क्षणभर बरं वाटलं. मग दहा मिनिटं थांबायचं होतं, औषध भिनेपर्यंत.

पाचव्या मिनिटाला ताईंनी ओठाला बोट लावून पाहिलं. "अय्या, हा माझा ओठच नाही," त्या म्हणाल्या आणि गंमत म्हणून त्यांनी घसा साफ करून आपली नेहमीची घोषणा म्हणून बघितली. "कृफया लक्ष द्या. फाच नंवरच्या फलाटावरची वस..."

सिस्टर खो खो हसल्या. ताईही हसल्या, अर्ध्याच तोंडाने. उरलेलं अर्धं तसंच लोंबत राहिलं.

डॉक्टर हसले नाहीत. औषध तासा-दोन तासांत उतरेल, हा ओठ परत येईल, आवाज परत येईल. हे त्यांना माहीत होतं. पण पुढच्या पाच मिनिटांनंतर ते तसं म्हणू शकणार नव्हते. हत्यार घसरलं, तर आता या क्षणी जे ऐकू आलं ते त्यांना पुढची सगळी वर्षं ऐकू येणार होतं, सणासमारंभाला, जेवणाच्या टेबलावर, फोनवर. आणि बसस्थानकावर दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज.

त्यांनी हत्यार उचललं. दाढेच्या आणि हाडाच्या मधे पातं रुतवून, अंगठ्याने टेकू देऊन, जरासं फिरवायचं. आणि पातं निसटायला लागलंय असं वाटताक्षणी अंगठ्याने अडवायचं. वाटताक्षणी. पातं जागेवर टेकलं. डॉक्टरांनी मनातल्या मनात अंगठ्याला हाक मारली, आणि वाट पाहिली.

तो आला. पण वाट पाहावी लागली.

त्यांनी पातं बाहेर काढलं आणि ट्रेमध्ये ठेवलं. ट्रे खणखणला.

"थांवलात का?" ताईंनी विचारलं.

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. बोबडी ताईंची वळली होती, पण शब्द डॉक्टरांना सापडत नव्हते. "ताई, माझा उजवा अंगठा उशिरा पोचतो."

"कुठे?"

"कुठेही. मी सांगतो, आणि तो जरा वेळाने ऐकतो. काल मोजलं."

ताईंनी मान उचलली. अर्ध्या बधिर चेहऱ्यावरसुद्धा भीती पूर्ण दिसते. "किती उशीर?"

"सरासरी ऐंशी मिलिसेकंद. म्हणजे एका सेकंदाचा बारावा भाग."

ताईंनी यावर विचार केला. मग प्रत्येक शब्द अर्ध्या ओठातून ओढून काढत त्या म्हणाल्या, "एवढ्याला आमच्याकडे वेळेवर म्हणतात."

कुणीच हसलं नाही. ताईंनी बहुधा हसण्यासाठी म्हटलंही नव्हतं. त्यांनी हात पुढे करून डॉक्टरांचा उजवा हात धरला, ग्लोव्हसकट, आणि तो हात त्यांच्या मुठीत राहिला.

"औषध अजून तासभर टिकेल," सिस्टर एकदम कामाच्या आवाजात म्हणाल्या. "समोरच्या बाईंना बोलवू?"

समोरच्या बाई म्हणजे पलीकडच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टर. वयाने वीसेक वर्षांनी लहान, आणि बोर्डावर चष्मा घातलेला हसरा दात. या बोर्डावर डॉक्टरांनी सहा वर्षं विनोद केले होते, त्यांतले निदान चार पलीकडे पोचल्याची त्यांना खात्री होती. त्यांनी स्वतः फोन केला. फोनवर त्यांनी सगळं सांगितलं; आडपडदा ठेवायला आता वेळ नव्हता. पलीकडून एकच वाक्य आलं, "सर, एक्स-रे लावून ठेवा, मी निघाले."

बाई आल्या, हात धुतले, एक्स-रेपुढे पूर्ण दोन मिनिटं उभ्या राहिल्या, आणि मग कामाला लागल्या. त्यांनी दाढ अख्खी काढलीच नाही. मधोमध कापून दोन तुकडे केले आणि नसेवर टेकलेलं मूळ शेवटी, वरच्या वर अलगद सोडवलं. डॉक्टर बाजूला सक्शनची नळी धरून उभे होते, डाव्या हातात. दर वेळी बाईंचा अंगठा हलला की त्यांचा श्वास अडकत होता. अंगठा वेळेवर हलत होता. इतका साधा, इतका बिनबोभाट वेळेवर, की बघवत नव्हतं.

बावीस मिनिटांनी दाढ ट्रेमध्ये पडली. बाईंनी ताईंच्या तोंडात कापसाची घडी दाबली आणि म्हणाल्या, "औषध उतरल्यावर नक्की कळेल. पण नस मी पाहिली. तिला धक्का लागलेला नाही."

ताईंनी डोळे मिटले.

बेसिनपाशी बाई डॉक्टरांच्या शेजारी उभ्या राहिल्या. पाणी सोडलं, आणि नळ बंद न करता हळूच विचारलं, "सर, केव्हापासून?"

सिस्टर हत्यारं मोजायला लागल्या, फार लक्ष देऊन.

डॉक्टरांच्या ओठांवर 'महिना' आला होता. सगळ्यांना तोच सांगायचा ठरला होता, स्वतःलासुद्धा. "वर्ष होत आलं," ते म्हणाले. "आधी लिहिताना जाणवलं. अक्षर बारीक व्हायला लागलं."

बाईंनी नळ बंद केला. त्यांनी खिशातून फोन काढला, कुणाशी तरी दोन मिनिटं बोलल्या, आणि कागदावर एक नाव आणि पत्ता लिहून दिला. "मेंदूचे डॉक्टर आहेत. माझ्या आईला तेच बघतात. आज एकला बोलावलंय. सर, याची पाच-दहा कारणं असू शकतात. सगळी तितकी वाईट नसतात. पण ती त्यांनी बघितलेली बरी, आपण नको."

"मी सोमवारी जाईन," डॉक्टर म्हणाले. "आज चार पेशंट आहेत."

"ते आता मी बघते."

ताईंना बोलायची बंदी होती. त्या खुर्चीतून उठल्या, एका हाताने गाल धरून टेबलापाशी गेल्या, डॉक्टरांच्या गाडीची किल्ली उचलली आणि दाराकडे बोट केलं. इतक्या वर्षांत शहराला जिथे जायला सांगितलं तिथे शहर गेलं होतं. डॉक्टरही गेले.

गाडीत ते शेजारच्या सीटवर बसले. ताई गाल धरून, मधूनमधून कण्हत, फार सावकाश गाडी चालवत होत्या. रस्ता नेहमीचा, तरी डॉक्टरांना तो अनोळखी वाटत होता. त्यांची मांडी कापत होती. ती भीतीने कापतेय की आणखी कशाने, हे त्यांना कळेना, आणि ते न कळणंच सगळ्यांत भयानक होतं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी बायकोला फोन लावला.

"ताईची दाढ निघाली," ते म्हणाले. "छान निघाली."

"हुश्श!" ग्रंथालयात असल्यामुळे बायको दबक्या आवाजात म्हणाली. "मी सकाळपासून देवाचा धावा करतेय."

"मी नाही काढली."

पलीकडे कुणीतरी पुस्तकावर शिक्का मारल्याचा आवाज आला, मग खुर्ची मागे सरकल्याचा. काय झालं, का नाही, कधीपासून, यातलं एकही तिने विचारलं नाही. तिने फक्त विचारलं, "कुठे येऊ?"

डॉक्टरांनी हातातल्या कागदावरून पत्ता वाचून दाखवला. दोनदा वाचावा लागला. पहिल्या वेळी आवाजच फुटला नाही.